'अमेरिकन लाइफ' हा अल्बम चालला नाही म्हणून अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाने 2005 मध्ये घाबरून डान्स अल्बम काढला का?

नाही. मला तरी अजिबात तसं वाटत नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहितो कारण हा डान्स अल्बम, 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर', माझ्या लई जवळचा आहे.

असं विचारणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. 2003 चा 'अमेरिकन लाइफ' म्हणजे गिटार, राजकारण, मध्येच रॅप, आणि टायटल साँगचा व्हिडिओ इराक युद्धाच्या वातावरणात तिने स्वतःच मागे घेतला. खप आधीच्या अल्बमांपेक्षा बराच कमी झाला. आणि मग 2005 च्या नोव्हेंबरमध्ये 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर' आला, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता नाच. कागदावर बघितलं तर वाटणारच की बाई घाबरली आणि लोकांना आवडतं ते द्यायला लागली.

पण तिची सुरुवात कुठून झाली ते बघा की. 1978 ला ही पोरगी न्यूयॉर्कला आली ती गायिका व्हायला नाही, डान्सर व्हायला. गाणं नंतर आलं. पहिलं सिंगल 'एव्हरीबडी' 1982 चं, त्याचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, तिने डान्सटेरिया नावाच्या क्लबात मार्क कामिन्स नावाच्या डीजेला नेऊन दिला, त्याने तो तिथंच वाजवला, लोक नाचले, आणि तिथून पुढं रेकॉर्ड कंपनीपर्यंत गोष्ट गेली. म्हणजे हिची पहिली परीक्षाच नाचणाऱ्या गर्दीने घेतलीय, रेडिओवाल्यांनी नाही. त्यामुळं 2005 ला ती डान्सकडे वळली असं म्हणण्यापेक्षा ती आपल्या मूळ गल्लीत परत आली असं मी म्हणेन.

आता दुसरी गोष्ट, डान्स अल्बम काढणं म्हणजे 'सेफ' खेळणं असं म्हणायची. मी कोल्हापुरात साउंडचं काम करतो, म्हणजे आपल्याकडं लोक ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात ते, त्यामुळं नाचणाऱ्या गर्दीसमोर उभं राहणं काय असतं ते मला रोज कळतं. नुसतं बसून ऐकणारा माणूस गाणं नाही आवडलं तरी ऐकून घेतो, नाचणारा जागेवर थांबतो. महाद्वार रोडवर मिरवणुकीत दोन गाण्यांच्या मध्ये चार सेकंद गॅप पडू द्या, पोरांचे हात खाली आलेच, आणि एकदा खाली आलेले हात परत वर न्यायला पुढची दोन गाणी खर्ची पडतात. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगीवाला लय कशी सोडत नाही, चढवतच नेतो, तसलं काम आहे हे. ह्यात सेफ असं काही नसतंच.

आणि मॅडोनाने नेमकं तेच अवघड काम अंगावर घेतलं. बारा गाणी, जवळपास छप्पन मिनिटं, मध्ये कुठं गॅप नाही, एक गाणं दुसऱ्यात मिसळत जातं डीजेच्या सेटसारखं. सोबत निर्माता स्टुअर्ट प्राइस, जो तिच्या 2001 आणि 2004 च्या टूरचा म्युझिकल डायरेक्टर होता, आणि बरंचसं काम त्याच्या लंडनमधल्या घरच्या स्टुडिओत झालं. ह्या माणसाची कामगिरी लोक विसरतात म्हणून मुद्दाम नाव घेतलं.

अल्बमचं पहिलं गाणं 'हंग अप' घ्या. सुरुवातीला घड्याळाची टिकटिक, मग अॅबा ह्या स्वीडिश पॉप ग्रुपच्या 1979 च्या 'गिमी गिमी गिमी'ची ती ओळखीची धून येते पण दबलेली, भिंतीपलीकडून आल्यासारखी. हा फिल्टरचा खेळ आहे, वरच्या फ्रिक्वेन्सी कापून ठेवल्यात आणि हळूहळू उघडत नेल्यात. फिल्टर पूर्ण उघडतो आणि किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, बसते, चारही मात्रांवर, मिनिटाला साधारण 125 ठोके, तेव्हा अंग आपोआप हलतं. गाण्याच्या मध्यावर सगळं परत दाबून नेऊन टिकटिकीवर आणून ठेवलंय आणि तिथं थोडा वेळ माणसाला ताटकळत ठेवलंय. गाणंही वाट बघण्याबद्दलच आहे. वाट बघायला लावून मग बीट देणं, हे ज्याला जमलं त्याला गर्दी कळली. हेडफोन बरा असेल तर ती जागा परत परत ऐका.

बरं ते सॅम्पलही, म्हणजे अॅबाच्या गाण्याचा तुकडा आपल्या गाण्यात वापरायला, सहज नाही मिळालं. अॅबावाले सॅम्पल द्यायला जवळपास कुणालाच तयार नसायचे, त्याआधी फ्युजीज ह्या अमेरिकन हिपहॉप ग्रुपला काय ते मिळालं होतं. मॅडोनाने त्यांना पत्र लिहून विनंती केली. आणि 1979 हे साल पण लक्षात घ्या. त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोच्या कॉमिस्की पार्क स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग लावून स्फोटात उडवला होता, डिस्को मेला म्हणून. तो मेला नाही, क्लबात जाऊन राहिला, काळ्या आणि गे पोरांनी तो जिवंत ठेवला, शिकागोतच त्याचं हाउस म्युझिक झालं. मॅडोना न्यूयॉर्कमधल्या तसल्याच क्लबांच्या दुनियेत घडली. 2005 ला तिने त्याच सालाची धून सगळ्यात पुढं आणून ठेवली. ह्याच अल्बममधल्या 'फ्युचर लव्हर्स'चा बेस ऐकला की डिस्को गायिका डोना समरचं 1977 चं 'आय फील लव्ह' आठवतंच, आणि 2006 च्या टूरची सुरुवात तिने ही दोन गाणी एकत्र करूनच केली.

सगळंच भारी आहे असं नाही म्हणणार. 'आय लव्ह न्यूयॉर्क'चे शब्द मला कच्चे वाटतात. पण शेवटाकडं 'हाउ हाय' नि 'लाइक इट ऑर नॉट'मध्ये बाई स्वतःच्या प्रसिद्धीचा हिशोब मांडते, तो पण नाचता नाचता, ते लई आवडतं मला. अल्बम जोरात खपला, 2007 ला डान्स अल्बमचं ग्रॅमी पण मिळालं. खपला म्हणून तो मनापासून केला नव्हता असं होत नाही ना भावा.

ऐकताना एवढं करा, अॅपमध्ये शफल बंद ठेवा, आणि सुटी गाणी असलेलं व्हर्जन पण मिळतं ते नको, सलग मिक्सवालं घ्या. निदान पहिली चार गाणी मध्ये न थांबता ऐका. स्पीकर मोबाइलचा नको, बेस कळणारच नाही त्यात.