वाचकांचे प्रश्न : तरंगता ब्रिज जागेवर कसा थांबवायचा?

प्रश्न : माझ्या गिटारला फ्लॉइड रोज ब्रिज (तारा अडकवायचा, पुढेमागे झुकणारा भाग) आहे. जाड ई तार डीवर उतरवली की बाकीच्या पाचही तारा चढतात. त्या सुरात आणल्या की डी पुन्हा बिघडतो. ब्रिज लॉक करणारं उपकरण बसवलं तर हे थांबेल का? घरी बसवता येतं का?

थांबेल, आणि सोल्डरिंग येत असेल तर घरीही बसवता येईल.

तरंगता ब्रिज म्हणजे कायमची रस्सीखेच. २५.५ इंच स्केलवर (तारांच्या वाजत्या लांबीवर) ९-४२चा (०.००९ ते ०.०४२ इंच जाडीचा) सेट सुरात असतो तेव्हा सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोने ओढत असतात आणि मागच्या स्प्रिंगा त्यांना तोलून धरतात. जाड ई डीवर आणली की दीडेक किलो ओढ कमी होते. स्प्रिंगा तेवढ्याने वरचढ ठरतात, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या तारा ताणल्या जातात.

ट्रेमॉल-नोसारखं ब्रिज लॉक करणारं उपकरण मागच्या खाचेत, स्प्रिंगांच्या जोडीने बसतं. नळीत सरकणाऱ्या दांड्याचं एक टोक ब्रिजच्या ब्लॉकला (त्याच्या खालच्या धातूच्या ठोकळ्याला) आणि दुसरं क्लॉला, म्हणजे स्प्रिंगा अडकवायच्या पट्टीला, जोडलेलं असतं. दांडा मोकळा असेल तर ब्रिज तरंगतो, स्क्रू आवळले की गिटार हार्डटेल, म्हणजे न हलणाऱ्या ब्रिजची, होते. तिसऱ्या स्थितीत आर्म (ब्रिज हलवायची तरफ) फक्त खाली दाबता येतो, वर ओढता येत नाही. ब्लॉकला धरणारा भाग पिनवाला किंवा क्लॅम्पवाला असतो, म्हणून घेण्याआधी आपला ब्लॉक मोजा.

बसवताना ब्रिजच्या मागच्या कडेखाली घडी केलेलं कापड सारा, तारा सैल करा आणि स्प्रिंगा काढा. जुन्या क्लॉवर सोल्डर केलेली अर्थची वायर सोडवून नव्या क्लॉला लावा. ही वायर राहून गेली तर अँपमधून गुणगुण सुरू होते आणि तारांना हात लावला तरी कमी होत नाही. मधली जागा दांड्याची, त्यामुळे स्प्रिंगा दोन्ही बाजूंना समान ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ दांडा सरळ करण्यात घालवा. बरेच जण जाड तारांच्या बाजूचा स्क्रू जास्त आवळून क्लॉ तिरका ठेवतात. इथे तसं चालणार नाही. तिरका दांडा नळीत घासतो, आर्म वापरताना खरखर जाणवते आणि सूर मूळ जागी परतत नाही. स्प्रिंगा लावण्याआधी ब्लॉक हाताने पुढेमागे हलवून पाहा. दांडा कुठेही न अडकता सरकला पाहिजे. दांडा लॉक करणारे स्क्रू बोटांनीच आवळा. पकडीने आवळलेला स्क्रू दांड्यावर खड्डा पाडतो आणि पुढे दांडा नेमका तिथेच अडकतो.

मग लॉक मोकळं ठेवून सहाही तारा सुरात आणा आणि ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर करा. आता लॉक आवळा, सूर पाहा, पुन्हा सोडा. सोडताना सूर चढला तर स्प्रिंगा जास्त ओढताहेत, क्लॉचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करा. उतरला तर तेवढेच आवळा. दर वेळी लॉक मोकळं ठेवूनच सूर लावा आणि सोडताना काहीच हललं नाही की जमलं. ही तपासणी गाळणारेच नंतर उपकरणाला नावं ठेवतात.

डीवर उतरताना आधी लॉक करा. पूर्ण दोन पडदे (फ्रेट) उतरायला फाइन ट्यूनर (ब्रिजवरचा बारीक सूर लावायचा स्क्रू) सहसा पुरत नाही, तेव्हा ३ मिमी अ‍ॅलन कीने नटवरचा (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवरचा) ई-एचा ठोकळा सैल करावा लागेल. लॉक सोडण्याआधी तार परत ईवर आणायला विसरू नका.

प्रश्न : एक तार बेंड करताना (बोटाने आडवी ओढताना) दुसरी वाजत असेल तर ती बेसूर होते. ‘फक्त खाली’ची सोय पुरेल का?

नाही. बेंडने ओढ वाढते, ब्रिज पुढे झुकतो आणि न ओढलेल्या तारा उतरतात. आर्म खाली दाबल्यावर ब्रिज याच दिशेला जातो आणि ही दिशा त्या सोयीत मोकळीच असते. तार तुटणं किंवा डीवर उतरणं याची दिशा उलटी, म्हणून तिथे ती सोय उपयोगी पडते. बेंडसाठी पूर्ण लॉक करा.

आर्म कधीच वापरत नसाल तर उपकरणावर खर्च नको. कडक लाकडाचे दोन तुकडे पुरतात. ब्रिज समांतर आणि तारा सुरात असताना ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचं अंतर मोजा आणि तुकडे घट्ट बसतील इतके घासा. नेक-बाजूचा तुकडा ब्रिजला मागे बसू देत नाही, शेपटाकडचा त्याला पुढे झुकू देत नाही. फक्त नेक-बाजूचा ठेवला तर आर्म खाली दाबता येतो. मग क्लॉचे स्क्रू आणखी एक-दोन फेरे आवळले की ब्लॉक लाकडावर दाबून बसतो आणि बेंडमध्येही फारसा हलत नाही.

प्रश्न : आर्म वापरल्यावर सूर परत येत नाही. लॉकने सुधारेल?

लॉक ब्रिजला फक्त थांबवतं. मोकळं सोडलं की तोच दोष पुन्हा दिसेल. ब्रिज ज्या धारेवर टेकतो ती धार झिजलीय का, त्या धारेला आधार देणाऱ्या खुंट्या लाकडात हलताहेत का आणि साधा नट असेल तर तारा त्याच्या खाचेत अडकताहेत का, ते आधी तपासा. सूर लावताना नटजवळ ‘टिक’ ऐकू आली तर दोष खाचेत आहे. तिथे पेन्सिलचं शिसं घासून पाहा.