गणिताचा प्राध्यापक हेज फंडात, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन बाजारात सौदे करणाऱ्या फंडात, एवढा यशस्वी कसा झाला? जिम सायमन्स नेमके कोण होते?

सायमन्स यांचा जन्म १९३८चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. बर्कली विद्यापीठातून डॉक्टरेट केल्यावर ते सरकारसाठी गुप्त संदेशांची उकल करायचे. व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला म्हणून ती नोकरी गेली. मग १९६८मध्ये स्टोनी ब्रूक विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. गणिती शिइंग-शेन चर्न यांच्यासोबतचं त्यांचं काम भौतिकशास्त्रज्ञ आजही वापरतात. पैसा कमावला नसता तरी गणितात त्यांचं नाव राहिलंच असतं, हे लोक विसरतात.

चाळिशीत प्राध्यापकी सोडली आणि बाजारात सौदे करायला लागले. सुरुवातीचे सौदे बरेचसे अंदाजानेच व्हायचे. खरी कलाटणी पुढे मिळाली, ती माणसांच्या निवडीमुळे. रेनेसान्स टेक्नॉलॉजीज या त्यांच्या कंपनीत वॉल स्ट्रीटवाल्यांऐवजी गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि आयबीएम या संगणक कंपनीत माणसाचं बोलणं ओळखणाऱ्या संगणकावर काम केलेले लोक आले. बोलणं ओळखताना आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल याची शक्यता काढायची, तीच पद्धत त्यांनी बाजारातल्या किमतींना लावली. एकेका सौद्यात नफ्याची शक्यता निम्म्याहून किंचितच जास्त. पण सौदे लाखोंनी.

१९८८मध्ये सुरू झालेल्या कंपनीच्या मेडॅलियन फंडाने तीस वर्षं, शुल्क वजा करण्याआधी, सरासरी वर्षाला सुमारे ६६ टक्के परतावा दिला. बाहेरच्यांना मात्र तो केव्हाच बंद झाला. कंपनीवर कर चुकवल्याचा वादही झाला आणि २०२१मध्ये मोठी रक्कम भरून तो मिटवावा लागला.

मला स्वतःला त्यांचं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते गणित शिक्षकांसाठी २००४मध्ये उभारलेली मॅथ फॉर अमेरिका ही संस्था. मे २०२४मध्ये ते गेले.