नववी-दहावीच्या मुलांकडून शाळेत मधमाश्या-फुलपाखरांसाठी रानफुलांचा वाफा करून घ्यायचा आहे. बियाणं कुठून आणावं, काय लावावं?

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमच्या हरित सेनेची मुलं असा वाफा सांभाळतात, त्यावरून सांगतो.

ऑनलाइन मिळणारी ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ पाकिटं घेऊ नका. त्यात बहुतेक कॉसमॉस वगैरे परदेशी फुलंच निघतात. घाणेरीवर फुलपाखरं कितीही दिसली तरी तीही बाहेरून आलेली आणि माजणारी, ती मुद्दाम लावू नये. आणि कासच्या पठारावरून काहीही उपटून आणू नका. तिथली फुलं कातळावरच्या बोटभर मातीत वाढतात, तुमच्या वाफ्यात ती जगायची नाहीत.

तुम्हाला हवं ते बियाणं गावाच्या रस्त्याकडेला आहे. गणपतीनंतर दिवाळीपर्यंत मुलांना कागदी पिशव्या देऊन पाठवा. तेरडा, कुर्डू, खुळखुळा, तरवड एवढ्यावर सुरुवात होते. तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लागताच फुटतं आणि बिया उडतात, म्हणून आधी पिशवी चढवायची, मग बोंड दाबायचं. मुलांना यात एवढी मजा येते की बी पुरून उरतं. (पुढच्या वर्षी शेजारच्या बायका गौरीसाठी तेरडा मागायला येतील, तेव्हा जरा जास्तच पेरा.)

बी सावलीत वाळवून ठेवा आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या चांगल्या पावसावर पेरा. खुळखुळा आणि तरवडाचं बी टणक असतं, ते पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात भिजवायचं. खत नको. खताने गवतच जोमात येतं.

आता खरी अडचण. रानफुलं उगवतात, पण शाळेत टिकत नाहीत, कारण १५ ऑगस्टच्या आधी मैदानाची सफाई होते. त्या वेळी तेरडा नुकता कळ्यांवर येत असतो आणि शिपायाच्या डोळ्यांना ते तणच दिसतं. त्याचा काय दोष? म्हणून जुलैतच दगडांची कड लावा, पाटी लावा, मुख्याध्यापकांना सांगून ठेवा आणि मुख्य म्हणजे शिपाईमामांना वाफ्यात सामील करून घ्या. माझ्या मते अर्धं काम हेच आहे.

पावसाळी फुलं दिवाळीनंतर संपतात, उन्हाळ्यात माश्यांना काही उरत नाही. तरवड आणि रुई तिथे उपयोगी पडतात, दोन्ही जवळजवळ वर्षभर फुलतात. रुईच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या सापडतात, अंड्यापासून कोषापर्यंत सगळं मुलांना बघता येतं. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट, त्यामुळे ती वाफ्याच्या मागच्या बाजूला लावा आणि हाताळू देऊ नका. खुळखुळ्याच्या बियाही विषारी असतात, खेळ करत कोणी तोंडात टाकू नये हे आधीच बजावा.

खुळखुळ्याचं फूल मात्र वर्गात जरूर दाखवा. काडीने खालची पाकळी दाबली की टोकातून परागाची पिवळी वळी बाहेर येते. काळा मोठा भुंगा बसला की त्याच्या वजनाने हेच होतं आणि पराग त्याच्या पोटाला लागतो. फळ्यावर परागण शिकवून जे होत नाही ते इथे मिनिटात होतं.

वाफ्याच्या कडेला थोडी उघडी, न खणलेली जमीन राहू द्या, एकेकट्या राहणाऱ्या बऱ्याच माश्या जमिनीतच बीळ करतात. पालक ‘चावतील का’ विचारतीलच. या माश्यांना राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या सहसा अंगावर येत नाहीत. आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. शाळेच्या इमारतीला ते लागत असेल तर वाफा दुसऱ्या टोकाला करा, आणि मुलांना मोहोळावर दगड मारायची सवय असेल तर तिचा बंदोबस्त आधी.