एप्रिलमध्ये नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी दिसतात का?

दिसतात, आणि हिवाळ्यात न दिसणारी एक गोष्ट दिसते: घरटी. जायकवाडीला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण बहुतेक लोक पैठणला डिसेंबर-जानेवारीतच येतात. पट्टकादंब आणि बरीच पाहुणी बदकं मार्चअखेर उत्तरेला निघून जातात, हे खरं.

पण पाणी ओसरलं की गाळाची, वाळूची बेटं उघडी पडतात. तिथं नदी सुरय थेट जमिनीवर अंडी घालतो. पिवळीधमक चोच, काळी टोपी, लाल पाय. एकदा पाहिला की विसरत नाही. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि तापलेली अंडी गार करते. एवढ्या उन्हात तिची ही ये-जा बघताना माझा जीव कासावीस होतो. शेकाटे, चित्रबलाक आणि नशीब असेल तर रोहितही (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात.

सकाळी नऊच्या आत बघून घ्या. आणि हात जोडून सांगतो, गाळपेऱ्याच्या (पाणी ओसरल्यावर पेरणी होते त्या जमिनीच्या) काठानं चालताना पायाखाली बघा, अंडी मातीच्याच रंगाची असतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की लगेच मागं फिरा.