भारताचे पहिले कॅथलिक संत कोण, अल्फोन्सा की गोन्सालो गार्सिया? आणि संत कसे ठरवतात?

गोन्सालो गार्सिया. आमच्या वसईचा. त्याला संतपद मिळालं १८६२ साली, केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना २००८ साली. मध्ये १४६ वर्षं आहेत, त्यामुळे यात वादाला जागाच नाही. तरी वाद होतो. माझ्याशी झालाय, म्हणून लिहितेय.

अल्फोन्सांचा सोहळा रोमला झाला १२ ऑक्टोबर २००८ ला, रविवारी. सोमवारी सकाळी वसईहून गाडी पकडली तर लेडीज डब्यात आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या हातात पेपर, आणि त्यात पहिल्या भारतीय संत म्हणून अल्फोन्सांचं नाव. मी म्हटलं, पहिल्या स्त्री संत म्हणा, पहिला आमचा गोन्सालो. पेपरवाल्या बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वयानं मोठ्या, आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. म्हणाल्या, "अगं, तो कसला आपला? बाप पोर्तुगीज, आडनाव गार्सिया. तो त्यांचा संत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी अंधेरीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. कारण बाप पोर्तुगीज होता हे खरंच आहे.

संध्याकाळी घरी येऊन अल्तारावरची तसबीर खाली काढली. आजीच्या वेळची. काचेआड ओल जाऊन कडेचं निळं आभाळ पिवळं पडलंय, पण क्रुसाला बांधलेला माणूस आणि दोन्ही बाजूंनी कुशीत घुसून छातीवर फुली झालेले दोन भाले अजून स्पष्ट दिसतात. लहानपणी नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, गुडघे टेकले की मी ते भालेच बघायचे. तो मेला कसा, हे मला पाठ होतं. त्याआधीची चाळीस वर्षं त्यानं काय केलं, ते प्रवचनात कधी ऐकलं नव्हतं. मग वाचायला लागले.

जन्म सुमारे १५५६ चा. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. आई इथलीच, शिक्षण जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांकडे. पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी अशी शिकला की तिथल्या लोकांना धर्मशिक्षण देऊ लागला. जेझुइट व्हायची फार इच्छा होती, पण घेतलं नाही. मग व्यापारात पडला, जम बसवला, आणि ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाला. (ब्रदर, म्हणजे पुरोहित नसलेला. फादर नव्हे. आमच्याकडचेही चुकतात.) १५९३ साली मनिलाच्या गव्हर्नरचे दूत म्हणून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशीच्या दरबारी गेले, तेव्हा दुभाषा म्हणून बोलणारा हाच. मला विचाराल तर तसबिरीत भाल्यांऐवजी तो दरबार हवा.

१५९६ च्या शेवटी हिदेयोशीच्या हुकमावरून गोन्सालो, पेद्रो बाप्तिस्ता आणि त्यांच्याबरोबरच्या ख्रिस्ती लोकांना धरलं. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. निघताना २४ होते, वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात घातलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. बहुतेक जण जपानी. लुईस इबाराकी तर १२ वर्षांचा.

आता ताईंच्या मुद्द्याकडे येते. त्याच टेकडीवर फेलिपे दे जेझुस नावाचा तरुण फ्रान्सिस्कनही होता. जन्म मेक्सिको सिटीत, आणि आईवडील दोघेही स्पॅनिश. दोघेही! मेक्सिको त्याला आपला पहिला संत मानतो, मेक्सिको सिटीचा तो आश्रयदाता संत आहे. तिथे जन्म झाला हे त्यांना पुरतं. इथे जन्म इथला, आई इथली, बालपण इथलं, आणि आपण बापाच्या आडनावावरून त्याला परक्याच्या पदरात टाकतो. आईला कुणी मोजतच नाही. माझं आडनाव लोपीस आहे. वसईत अशी आडनावं घरोघरी आहेत आणि आम्ही घरात मराठी बोलतो. आम्हाला कुठे पाठवणार?

संत कसे ठरवतात हे तुम्ही विचारलंत. थोडक्यात सांगते: आधी 'धन्य', मग 'संत'. रक्तसाक्षीला, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्याला, धन्य ठरवायला चमत्कार लागत नाही, इतरांना लागतो. संतपदासाठी आता दोघांनाही लागतो. गोन्सालो १६२७ साली धन्य झाला, तिथून संतपदापर्यंत २३५ वर्षं गेली.

आणि हो, अल्फोन्सांचा मान मी कमी करत नाहीये. त्यांच्या आजारपणातल्या सोशिकपणाविषयी वाचून मी रडलेय. आईवडील दोघेही भारतीय हवेत असा तुमचा निकष असेल, तर गोन्सालो त्यात बसत नाही, तेही मान्य. फक्त मग तो निकष आधी सांगा.

वसईला आलात तर गासच्या चर्चमध्ये जाऊन या, ते त्याच्याच नावाचं आहे. ताई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गाडीत भेट होत नाही. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर फेलिपेच्या आईवडिलांचं काय करायचं, तेवढं मला सांगा.