‘रीप्रोग्रॅमिंग’ला पुनर्लेखन म्हणू नये

प्रश्न असा आहे: त्वचेसारख्या प्रौढ पेशीला परत मूलपेशी, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणारी पेशी, बनवतात, त्या ‘एपिजेनेटिक रीप्रोग्रॅमिंग’ला ‘अधिजनुकीय पुनर्लेखन’ म्हणावे का?

‘अधिजनुकीय’ चालेल. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९४२ साली मूळ इंग्रजी शब्द रूढ केला. त्यातल्या ग्रीक ‘एपि’चा अर्थ ‘वर’, आणि ‘अधिभार’ म्हटले की वरचा भार हे आपल्याला लगेच कळते. वनस्पतिशास्त्रातल्या ‘अपित्वचे’च्या वळणावर ‘अपिजनुकीय’ही होईल, पण ‘अपि’ म्हणजे ‘सुद्धा’ एवढेच बहुतेकांना ठाऊक असते.

‘पुनर्लेखन’ मात्र नको. आमच्या घरच्या एका हस्तलिखित पोथीत चुकलेल्या ओळीवर पिवळा हरताळ फासलेला आहे. पान उजेडाकडे तिरके धरले की खालची अक्षरे दिसतात. लेखनिकाने ती खोडलेली नाहीत, फक्त वाचनातून काढली आहेत. पेशीत नेमके हेच घडते. डीएनएतल्या सायटोसीनवर मेथिल गट बसतो. अक्षर शाबूत राहते, पण तो मजकूर सहसा वाचला जात नाही. त्वचेच्या पेशीत ऑक्ट-४, नॅनॉग या मूलपेशीपण टिकवणाऱ्या जनुकांवर असाच हरताळ असतो.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत विषाणूंकरवी चार जनुके घातली आणि पेशी माघारी फिरल्या. मग ही मजकुरात भर नाही का? त्या प्रयोगात होती. पण पुढे त्या जनुकांपासून बनणारी नुसती प्रथिने किंवा त्यांची तात्पुरती नक्कल असलेला आरएनए देऊनही तेच साधले, तेव्हा जनुके घालणे अपरिहार्य नव्हते. हरताळ एकीकडून निघतो, दुसरीकडे त्वचेची जनुके झाकली जातात. कधी कधी जुना डाग राहतोही: रक्तापासून बनवलेल्या मूलपेशी पुन्हा रक्ताकडेच सहज वळताना दिसल्या आहेत.

म्हणून मी ‘फेरमांडणी’ सुचवतो. फेरविचार, फेरतपासणी यांतला ‘फेर’ आपल्या तोंडात बसलेला आहे, आणि मांडणी बदलली तरी सामान तेच राहते.

‘प्रौढ’ शब्दही जपून वापरा. तान्ह्या बाळाच्या त्वचेची पेशीसुद्धा या अर्थाने ‘प्रौढ’च ठरते, कारण तिचे काम ठरून गेलेले असते. तिथे मी ‘विशेषित पेशी’ लिहितो.