मळमळीच्या आधी गोळी

ताई, कॅन्सरच्या पहिल्या केमोला मी एक चूक केली. मळमळ सुरू झाल्यावर गोळी शोधली. ओकारी सुरू झाली की गोळी पोटात टिकतच नाही. म्हणून ऑन्डान्सेट्रॉन ही मळमळ रोखणारी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्यायचीच, बरं वाटत असलं तरी. केमोचं औषध सिसप्लॅटिन असेल तर खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळतो, तेव्हा घरी आल्यावरचा डोस चुकवू नका. या गोळीने शौचाला घट्ट होतं, त्यावर काय करायचं तेही आधीच विचारून ठेवा.

फोडणीचा वास मला सहनच व्हायचा नाही. स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा, आपण लांबच्या खोलीत बसावं. गरम जेवणापेक्षा गार दहीभात बरा, वास कमी येतो. दर दोन तासांनी चार घास, पाणी घोटघोट. आलेपाकाचा तुकडा चघळा. आणि केमोच्या दिवशी आवडीचं काही खाऊ नका. माझं पुरणपोळीवरचं मन तेव्हा उडालं ते अजून बसलं नाही!

दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला गेला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटलला फोन करा.